थंडीत कोंबड्यांची घुरघुर औषधाने थांबते आणि पुन्हा येते: आधी आढ्याखाली बघा

दिवाळी सरून रात्री गार पडू लागल्या की खान्देशात कोंबड्या पाळणाऱ्यांच्या तोंडी एकच गाऱ्हाणं असतं. रात्री नऊ-दहाला कोंबडीघराजवळ उभं राहिलं की आतून घुरघुर ऐकू येते. सकाळी चार-दोन पक्ष्यांच्या डोळ्यांत पाणी, नाकाशी चिकटा, अंडी थोडी कमी. दुकानातून औषध आणून पाण्यात टाकलं की आठवड्यात आवाज बसतो. औषध थांबलं की पंधरवड्यात पुन्हा तेच. “भाऊ, औषधं दी दी थकनू, कोंबड्या परत घुरघुर करतस,” हे पारोळ्याकडे ऐकू येतं तसंच शहाद्याकडेही.

औषध चुकीचं असतंच असं नाही. पण बहुतेक ठिकाणी खरी अडचण छपरात असते. आतली दमट, तिखट हवा वर चढते आणि तिला बाहेर पडायला वाट ठेवलेली नसते. घर बांधताना सगळे जमीन मोजतात, हवेची वाट कोणी मोजत नाही. ती वाट नसेल तर पक्षी कितीही कमी ठेवा आणि औषध कितीही महागडं आणा, घुरघुर दर थंडीत येणार.

आधी हे वेगळं काढा

इथे ज्या घुरघुरीबद्दल बोलतोय ती रेंगाळणारी असते. पक्षी खातात-पितात, मरतुक फारशी नसते, वजन आणि अंडी मात्र मागे पडतात. एक-दोन दिवसांतच पक्षी पटापट मरायला लागले, हिरवट पातळ हगवण लागली, मान पिळवटली, पाय किंवा पंख लुळे पडले, तर राणीखेत या विषाणूच्या रोगाचा संशय धरा. तोंड सुजलं आणि नाकातून घाण वासाचा स्राव येतोय, तर तो बहुधा कोरायझा. आणि तुरे निळे पडून अचानक खच पडायला लागला तर पुढचं वाचत बसू नका. मेलेला पक्षी फाडू नका, गाडीत टाकून कुठे नेऊ नका, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. नवापूरने फेब्रुवारी २००६ मध्ये बर्ड फ्लू पाहिला, २०२१ मध्ये पुन्हा पाहिला. ज्यांनी तेव्हा शेडच्या शेड रिकामी होताना बघितली, त्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही.

यातलं काही नसेल तर पुढे चला.

पहाटे उकिडवं बसून बघा

तपासणीला यंत्र लागत नाही. पहाटे पडदे उघडायच्या आधी आत जा आणि उकिडवं बसा. तुमचं नाक कोंबडीच्या नाकाच्या उंचीवर आलं पाहिजे. दोन-तीन मिनिटं नेहमीसारखा श्वास घ्या. डोळे चुरचुरले किंवा घसा खवखवला तर अमोनिया धोक्याच्या पातळीवर पोचलाय असं धरा. ही पातळी साधारण २५ पीपीएम मानतात, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग. पक्षी त्याच हवेत रात्रीचे अकरा-बारा तास काढतात.

सकाळी दहाला, पडदे उघडून तास-दोन तास झाल्यावर, उभ्या उभ्या आत डोकावून “वास तर काहीच नाही” म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्या वेळी वास नसतोच. शिवाय रोज आत वावरणाऱ्याचं नाक त्या वासाला सरावतं. म्हणून घरातलं दुसरं कोणी बसवा. कधी शेडमध्ये पाय न ठेवणारी सासू किंवा शाळकरी पोरगा खरं काय ते लगेच सांगतो.

वास घेऊन झाला की टॉर्च वर मारा. पत्र्याला आतून पाण्याचे थेंब लटकलेले आहेत? पत्रा बसवलेल्या खिळ्यांभोवती गंजाचे ओघळ आहेत? वाशांवर काळपट बुरशी? मग रात्रभर वाफ वर गेली, थंड पत्र्याला लागली, तिचं पाणी झालं आणि ते खाली अंथरलेल्या तुसावर टपकलं. एवढं दिसलं तरी निदान जवळजवळ झालंच.

तरी खात्री हवी असेल तर तिन्हीसांजेला, पडदे नेहमीसारखे लावून झाल्यावर, दारातून एक पेटलेली उदबत्ती आत धरा. धूर वर चढून कुठूनतरी बाहेर निघाला तर बरं. छपराखाली जमून खाली उतरायला लागला, तर वर वाट नाही. पक्षी झोपेच्या वेळी बावरतील म्हणून गोवरीचा मोठा धूर करू नका, उदबत्ती पुरते. आणि तूस खाली आहे, ठिणगीचं भान ठेवा.

औषध का टिकत नाही

ही जुनाट घुरघुर बहुतेकदा मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूची असते. आपल्याकडे डॉक्टर तिला सीआरडी, म्हणजे श्वासाचा जुनाट आजार, म्हणतात. हा जंतू एकदा कळपात शिरला की पक्षी बरा दिसला तरी त्याच्या अंगात राहतो, अंड्यातून पुढच्या पिल्लातही जाऊ शकतो. टायलोसिनसारखी औषधं त्याला दाबतात, कळपातून हाकलत नाहीत. ताण आला की तो पुन्हा डोकं वर काढतो आणि ताण म्हणजे गर्दी, गारठा, धूळ, अमोनिया.

यात अमोनियाचं काम सगळ्यात वाईट. कोंबडीच्या श्वासनळीला आतून बारीक केसाळ अस्तर असतं, ते धूळ आणि जंतू वर ढकलून बाहेर काढत राहतं. अमोनिया ते अस्तर निकामी करतो. मग आत गेलेली घाण आतच राहते, ई. कोलायसारखे जंतू त्यावर स्वार होतात आणि साध्या घुरघुरीचा मामला वजन घटण्यापर्यंत जातो. औषधाच्या पाच-सात दिवसांत जंतू दबतो, पण हवा तीच असते. म्हणून पंधरवड्यात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

जाता जाता: औषध चालू असताना आणि बाटलीवर लिहिलेल्या मुदतीपर्यंत अंडी विकू नयेत. हे बहुतेक जण पाळत नाहीत, पण पाळायला हवं. आणि दर महिन्याला अंदाजाने औषध टाकत राहिलात तर गरजेच्या वेळी ते लागू पडेनासं होतं.

एवढं पाणी येतं कुठून?

छप्पर गळत नाही, पाऊस संपला, मग तूस ओलं कशाने? हिशेब मांडून बघा. अंड्यावरच्या १०० कोंबड्या दिवसाला साधारण ११-१२ किलो खाद्य खातात आणि त्याच्या दुप्पट, म्हणजे २२-२४ लिटर पाणी पितात. अंड्यांतून त्यातलं तीन-चार लिटर बाहेर जातं. उरलेलं जवळजवळ सगळं विष्ठेतून आणि श्वासातून त्याच खोलीत सुटतं. ताज्या विष्ठेत तीन चतुर्थांश पाणीच असतं. म्हणजे १०० कोंबड्यांच्या घरात रोज वीस लिटरच्या आसपास पाणी मुरतंय किंवा वाफ होऊन हवेत तरंगतंय. त्यातलं दिवसा परसात किती आणि रात्री आत किती, हे तुम्ही पक्षी बाहेर सोडता की नाही यावर आहे. ते हवेवाटे बाहेर गेलं नाही तर तुसात जातं. विष्ठेतल्या युरिक ॲसिडवर ओल आणि ऊब मिळाली की जंतू काम सुरू करतात आणि अमोनिया सुटतो. कोरड्या तुसात तो फारसा होत नाही. सगळ्या भानगडीचं मूळ ओल आहे आणि ओल घालवायचं स्वस्तातलं साधन म्हणजे वरची मोकळी फट.

फट कुठे ठेवायची

आपल्याकडचं घरगुती कोंबडीघर बहुतेकदा एकपाखी असतं. मळ्यातल्या खोलीच्या किंवा गोठ्याच्या भिंतीला टेकून पत्रे टाकलेले, उंच बाजू भिंतीला घट्ट, उतार पुढे. यात वाफ चढून उंच बाजूला, भिंतीशी जमते, आणि नेमकी तीच बाजू सिमेंटने लिंपलेली. उपाय एकच. उंच बाजूला पूर्ण लांबीभर सहा ते नऊ इंचाची मोकळीक काढा आणि तिला जाळी मारा. मागे भिंत असेल तर पत्रा भिंतीपासून सोडवून थोडा खाली घ्या, वर वेगळी छोटी पत्र्याची पट्टी टोपीसारखी बसवा, म्हणजे पाऊस आत येणार नाही. ते जमतच नसेल तर दोन्ही आखूड भिंतींत अगदी वर, पत्र्याला लागून, जाळीच्या मोठ्या खिडक्या काढा. त्या समोरासमोर हव्यात. एकच खिडकी असली तर हवा शिरते, पण फिरत नाही.

दोनपाखी शेड असेल तर आढ्यावर फट ठेवून त्यावर उंच टोपी घाला. जुन्या धाब्याच्या घराची रिकामी खोली कोंबड्यांना दिलेली असेल, तर छतात उजेडाला आणि धुराला ठेवलेलं भोक असतं. ते कोणीतरी फरशी टाकून बुजवलेलं असतं. ते उघडा, चहूबाजूंनी चार-पाच विटांचा उंचवटा करून वर पत्र्याचा तुकडा ठेवा. धाब्याची खोली उन्हाळ्यात थंड राहते म्हणून लोकांना आवडते, पण मातीच्या जाड भिंतींना खिडक्या नसतात. ४०-५० पक्षी आत कोंडले की तिथला अमोनिया पत्र्याच्या शेडपेक्षा वाईट होतो.

ही वरची फट बारा महिने, चोवीस तास उघडी राहिली पाहिजे. “थंडीत बोळे कोंबले तर?” असं प्रत्येक जण विचारतो. नको. धुळ्याला पारा सहा-सात अंशांवर आला तरी पूर्ण पिसांची, कोरडी, पोट भरलेली कोंबडी ती थंडी सोसते. ओली हवा आणि अंगावर थेट येणारा झोत तिला सोसत नाही. फट वर असेल तर झोत तिच्या अंगावर येत नाही, डोक्यावरून जातो.

म्हणूनच बसायच्या काठ्यांची उंचीही आत्ताच बघा. कोंबड्या रात्री सगळ्यात उंच काठी धरतात. काठी फटीच्या सरळीत असेल तर त्या वाऱ्यात बसल्या. काठीवर बसलेल्या पक्ष्याच्या डोक्यापासून फट दीड-दोन फूट तरी वर हवी. रात्री टॉर्च मारून बघा. पिसं हलताना दिसली किंवा सगळ्या एकाच टोकाला दाटल्या असतील, तर काठी खाली घ्या. फट बुजवू नका.

पडदे उलटे बांधलेले असतात

जाळीच्या बाजूंना खताच्या गोण्या शिवून पडदे लावायची पद्धत चांगली आहे, पण दहातले आठ पडदे वर खिळलेले आणि खाली सोडायचे असतात. रात्री ते सोडले की वरची बाजू बंद आणि खालून, नेमका पक्ष्यांच्या अंगावर, वारा. पडदा उलटा हवा. त्याची खालची कड अर्ध्या भिंतीला पक्की करा आणि वरच्या कडेला दोर बांधून तो वर ओढायचा ठेवा. रात्री ओढताना वरचा फूट-सव्वा फूट मोकळा सोडा.

थंडीत वारा उत्तरेकडून, सातपुड्याच्या अंगाने येतो. उत्तरेचा पडदा जास्त वर घ्या, दक्षिणेचा कमी. सकाळी ऊन आलं की दक्षिणेचा पूर्ण पाडा. आठ वाजले, दूध घालून झालं, चहा झाला, तरी पडदे तसेच, असं बऱ्याच ठिकाणी दिसतं. त्या दोन तासांत पक्षी जागे होऊन तूस उकरत असतात आणि अमोनिया सगळ्यात जास्त उठतो.

बंद पेटीसारखी घरं लोक बांधतात ती थंडीपेक्षा मांजर, मुंगूस, रानमांजर आणि सापाच्या धास्तीने. चोपडा-यावलच्या केळीपट्ट्यात तर बिबट्याचीही. धास्ती खरी आहे. पण षट्कोनी पातळ जाळी कुत्रं सहज फाडतं आणि मांजर तिच्यातून पंजा घालतं, म्हणून लोक वर पत्रा ठोकतात आणि हवा जाते. त्याऐवजी अर्धा इंची चौकोनी वेल्डेड जाळी घ्या. महाग पडते, पण एकदाच. पाया एक-दीड फूट उंच आणि त्यावर फूट-दीड फूट पक्की भिंत, मग जाळी. साप-मुंगसाला खालून वाट मिळत नाही आणि वारा वरून मोकळा.

जागा कागदावर असते, आत नसते

गावरान किंवा गिरिराज-वनराजासारख्या सुधारित जातीच्या मोठ्या झालेल्या पक्ष्याला आत दोन चौरस फूट धरा, बाहेर मोकळ्या आवाराला आठ-दहा. अंड्यावरच्या कोंबडीला तुसावर दोन ते अडीच. ब्रॉयलरला एक, उन्हाळ्यात सव्वा. काठीवर प्रत्येकीला आठ-दहा इंच. हे आकडे बहुतेकांना पाठ असतात. घोळ होतो तो पुढे.

समजा २० बाय १० चं घर आहे, २०० चौरस फूट, आत १०० पक्षी. बरोबर दोन फूट. पण घराची लांब बाजू पश्चिमेला आहे, कारण रस्ता तिकडे होता. दुपारनंतर चार फूट आतपर्यंत ऊन येतं, म्हणजे ८० चौरस फुटांत पक्षी पाय ठेवत नाहीत. पाण्याच्या भांड्याभोवतीचा चिखल, अंड्यांच्या पेट्या, दाराजवळची खाद्याची गोणी. उरली सव्वाशेच्याही आत. १०० पक्षी त्यात दाटतात, तिथलं तूस ओलं होतं, ओलं झालं की त्या अजून आक्रसतात. शेपटीची पिसं उपटलेली आणि पाठीवर टोचलेले पक्षी दिसू लागले की जागा कमी पडतेय हे त्याच सांगतात.

दुसरा घोळ वाढीचा. पिल्लं आणली तेव्हा घर ओस वाटतं, म्हणून ६० च्या जागी १०० आणली जातात. महिनाभरापर्यंत पिल्लाला अर्धा चौरस फूटही पुरतो. दहाव्या-बाराव्या आठवड्यात तीच पिल्लं चौपट जागा मागतात. सप्टेंबरात आणलेली पिल्लं नेमकी डिसेंबरात मोठी होतात, पडदे लागायला आणि जागा संपायला एकच गाठ पडते. जागा मोजताना शेवटच्या दिवसाचा पक्षी मोजा.

नवीन बांधत असाल तर लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. आखूड भिंती पूर्व-पश्चिमेला येतात आणि पश्चिमेची भिंत पूर्ण बांधून टाकता येते. रुंदी २५ फुटांच्या आत, बाजूची उंची आठ ते दहा फूट, वळचण तीन-चार फूट बाहेर. खान्देशात कमी उंचीचं शेड बांधणं म्हणजे पैसे वाचवल्याचा भास. दोन शेडमध्ये ३०-४० फूट तरी सोडा, नाहीतर एकीची हवा दुसरीत.

तूस

मूठभर तूस घट्ट दाबा आणि मूठ उघडा. गोळा हळूहळू फुटला तर ओल ठीक. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त. मुळीच धरलं नाही आणि धूळ उडाली तर कोरडं, तेही श्वासाला वाईटच. थंडीत तीन-चार इंच थर, आठवड्यातून दोनदा फावड्याने खालवर. नवापूर-नंदुरबारकडे भाताचं तूस मिळतं, इतरत्र लाकडाचा भुसा किंवा भुईमुगाची टरफलं. टरफलं घेताना आत पांढरी-हिरवी बुरशी नाही ना ते बघा. तुसातली बुरशी पिल्लांच्या फुप्फुसात जाऊन बसते, त्या घुरघुरीवर तर अँटिबायोटिकचा काही उपयोग होत नाही.

ओल्या तुसावर चुना मारायचा सल्ला सर्रास दिला जातो. चुना ओल शोषतो हे खरं, पण तुसाचा अल्कलीपणा वाढवून तो अमोनिया एकदम सोडवतोही. पडदे लावलेल्या रात्री, पक्षी आत असताना चुना टाकला की दुसऱ्या दिवशी डोळे जास्त सुजलेले दिसतात. चुना लावायचा तो घर रिकामं असताना, जमिनीला आणि भिंतींना. पक्षी असताना ओला पापुद्रा उचलून उकिरड्यावर टाका आणि कोरडं तूस घाला. पाण्याची भांडी पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला टांगा, खाली वाळू किंवा जाळीचा चौकोन ठेवा. निम्मी ओल तिथूनच असते.

पिल्लांच्या शेगडीबद्दल

हे थोडक्यात, पण गंभीर आहे. थंडीत लाईट गेली की पिल्लांना कोळशाची शेगडी ठेवतात आणि ऊब टिकावी म्हणून सगळीकडून ताडपत्री. जळत्या कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू दिसत नाही, वासही येत नाही. सकाळी पिल्लं शेगडीभोवती मरून पडलेली असतात आणि दोष थंडीला दिला जातो. शेगडी बाहेर पेटवून कोळसे लालबुंद झाल्यावरच आत न्या, आणि तरीही वरची फट उघडी ठेवा. पोराला राखणीला आत झोपवू नका. ब्रॉयलरवाल्यांना आणखी एक: थंडीत पाचव्या आठवड्यात पोटात पाणी होऊन पक्षी मरत असतील तर बंद हवेत प्राणवायू कमी पडणं हे त्याचं एक मोठं कारण आहे.

हेच घर मे महिन्यात

जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ ला जातो तेव्हा हाच दोष उलट्या बाजूने मारतो. कोंबडीचं अंग मुळात ४१-४२ अंशांचं. तिला घाम येत नाही, धापा टाकून श्वासातलं पाणी उडवणं हाच तिचा उपाय. धापा टाकताना चोच उघडी असते पण आवाज नसतो, यावरून सर्दीची घुरघुर आणि उन्हाची धाप वेगळी ओळखा. पत्र्याखाली साठलेली गरम हवा बाहेर गेली नाही तर तिचा हा उपाय फसतो. वरची फट थंडीत वाफ काढते, उन्हाळ्यात उष्णता काढते. म्हणून आधी ती करा, बाकी सगळं नंतर.

पत्र्यावर कपाशीच्या काड्या किंवा पाचट टाकता येतं, पण वाळलेल्या काड्यांना आगीचा धोका असतो, वायर जवळून गेलेली नको. नाहीतर चुन्याचा पांढरा हात मारा. एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी पश्चिमेच्या बाजूला ओलं गोणपाट छान काम करतं, कारण हवा कोरडी असते आणि पाणी झपाट्याने उडतं. मृगाच्या आधी आभाळ भरून उकाडा सुरू झाला की तेच ओलं गोणपाट आणि फॉगर बंद करा. हवेत आधीच दमटपणा, त्यात तुम्ही भर घातलीत तर कोंबडीच्या श्वासातलं पाणी उडतच नाही. तेव्हा फक्त वारा हवा. पंखा पक्ष्यांच्या उंचीवर, घराच्या लांबीच्या दिशेने. पण शेतीच्या फिडरवर लाईट चोवीस तास नसते. पंख्याच्या भरवशावर घर बांधू नका, पंखा वरकड समजा.

केळीच्या बागेला कडेने शेवरी किंवा गजराज गवत लावतो तशी आड कोंबडीघरालाही हवी असं वाटतं. पश्चिमेची लू अडवायला ती चांगली, पण भिंतीला खेटून लावली तर सगळाच वारा अडतो. पंधरा-वीस फूट दूर ठेवा. हिरवी नेट जाळीवरच बांधायची सवय तर सोडाच, ती धुळीने बुजून पडद्यासारखी होते.

दुपारी अकरा ते चार खाद्य उचला, पहाटे आणि संध्याकाळी द्या. पचनाचीही उष्णता असते. पाण्याची टाकी सावलीत. आणि उन्हाळ्यापुरते पक्षीच कमी करा. होळी आणि तिच्या आधीच्या भोंगऱ्या या आदिवासी बाजाराच्या सुमाराला सातपुड्याच्या पायथ्याच्या बाजारांत नर खपतात. तेव्हा जास्तीचे नर काढले तर उरलेल्यांना मे महिन्यात जागा मिळते.

सगळं केलं, तरी आवाज आहे

वरची फट काढली, पडदे उलटे केले, ओलं तूस बदललं, तर पहाटेचा वास तीन-चार दिवसांत उतरतो. घुरघुर त्यापेक्षा हळू जाते. कळपात मायकोप्लाझ्मा असेल तर एखाददुसरा पक्षी अधूनमधून आवाज करतच राहील. त्यासाठी दर वेळी सगळ्या कळपाला औषध नको. पशुवैद्यकाला दाखवा, रक्ताची तपासणी होते. राणीखेतच्या लसी वेळापत्रकाप्रमाणे झाल्यात का तेही विचारतील, तारखा लिहून ठेवा.

जुने पक्षी असतानाच बाजारातून नवीन पिल्लं आणून त्याच घरात सोडायची पद्धत हे चक्र चालू ठेवते. हा जंतू पक्ष्याच्या अंगाबाहेर फार दिवस तग धरत नाही. जुना लॉट पूर्ण काढा, तूस शेतात नेऊन कुजवा, भांडी आणि जमीन धुवा, चुना मारा, दोन-तीन आठवडे घर उन्हा-वाऱ्यात रिकामं ठेवा. त्याच वेळी शिडी लावून वरच्या जाळीवर चढा. पिसांचा भुगा, धूळ आणि कोळ्याची जळमटं मिळून ती वर्षभरात निम्मी बुजलेली असते, खालून दिसत नाही. खराट्याने झाडा, मगच नवीन पिल्लांचा फोन करा.